छोट्या होम केअर सेवेचा दर्जा पारखायचा कसा?

घरातलं कुणी अंथरुणाला खिळलं, शस्त्रक्रिया होऊन घरी आलं किंवा वयाने थकलं, की एक दिवस बाहेरच्या माणसाची मदत घ्यावीच लागते. मग चौकशी सुरू होते. बऱ्याचदा हाती लागते ती अगदी छोटी सेवा. चालवणारी व्यक्ती स्वतःच फोन उचलते, हाताखाली सात-आठ केअरटेकर असतात आणि सेवा घेणारी घरं असतात दहा-बारा. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘१०० टक्के समाधानी कुटुंबं’. पाच तारे असतात आणि त्यांच्याखाली सहा अभिप्राय. एवढ्या आधारावर आपण आपल्या माणसाचं अंग, औषधं आणि घराची किल्ली परक्याच्या हाती देतो.

हे तारे आणि ही टक्केवारी छोट्या सेवेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. तिच्या नोंदवहीतून, नेहमीची केअरटेकर रजेवर असते त्या दिवसातून आणि सेवेच्या हातून झालेल्या चुकांतून मात्र खूप कळतं. ते कसं वाचायचं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी ‘दर्जा’ म्हणजे काय ते ठरवू

आरोग्यसेवेचा दर्जा मोजण्याचा विचार करताना आजही सगळे ज्यांच्याकडे वळतात ते म्हणजे डॉ. अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन. १९६६ साली त्यांनी दर्जाचे तीन भाग पाडले. सेवेकडे काय आहे, ही झाली रचना. ती काय आणि कशी करते, ही प्रक्रिया. आणि त्याने माणसाचं काय झालं, हा परिणाम.

शिंप्याचं उदाहरण घ्या. चांगलं मशीन आणि हाताखाली शिकलेला कारागीर ही रचना. माप नीट घेणं, कच्ची शिलाई घालून अंगावर बघणं ही प्रक्रिया. अंगाला नेमका बसलेला सदरा हा परिणाम. आपण सदरा बघूनच शिंपी ठरवतो आणि कपड्यांच्या बाबतीत ते बरोबरही आहे.

घरच्या काळजीत मात्र हा हिशेब बिघडतो. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती उत्तम काळजी घेऊनही दर वर्षी थोडी थोडी हरवत जाते. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातला माणूस जातोच, आणि त्याचं जाणं हे सेवेचं अपयश नसतं. उलट नुकताच गुडघा बदललेला माणूस सुमार केअरटेकर असली तरी चार-सहा आठवड्यांत बरंच चालू लागतो. म्हणून नुसता परिणाम बघून निष्कर्ष काढला, तर चांगल्या सेवेवर अन्याय होतो आणि वाईट सेवा सुटून जाते.

इंग्लंडमध्ये अशा सेवांची तपासणी केअर क्वालिटी कमिशन ही संस्था २००९ पासून करते. तिचे मूळ प्रश्न पाचच आहेत. सेवा सुरक्षित आहे का? तिचा उपयोग होतो का? तिथली माणसं आपुलकीने वागतात का? गरज बदलली की सेवा बदलते का? आणि कारभार नीट चालतो का? कुठल्याही देशातल्या कुटुंबाने विचारावेत असेच हे प्रश्न आहेत. अडचण उत्तरांची आहे, कारण सेवा छोटी असली की उत्तरं फसवी येतात.

शितावरून भाताची परीक्षा इथे का चालत नाही

एक शीत चेपून आपण अख्खा भात शिजला की नाही ते सांगतो. हे जमतं, कारण सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. होम केअरमध्ये प्रत्येक घर म्हणजे वेगळं भांडं. आजार वेगळा, केअरटेकर वेगळी, घरातली माणसं वेगळी. शेजारच्या घरी सेवा छान मिळाली, यावरून तुमच्या घरी काय होईल ते कळत नाही.

त्यात आकडे लहान. समजा, सेवा दहा घरांना मिळते आणि एक घर नाराज झालं. समाधान ९० टक्के. आणखी एक नाराज झालं की ८० टक्के. एका भांडणाने आकडा दहा टक्क्यांनी घसरला! पाचशे घरांच्या सेवेत तेच भांडण दिसणारही नाही. चार मुलांच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून शाळा उत्तम ठरत नाही आणि एक मूल नापास झालं म्हणून शाळा वाईट ठरत नाही, तसंच हे.

‘आमच्याकडे आजवर एकही रुग्ण पडला नाही’ हा दावा तर नेहमी ऐकू येतो. संख्याशास्त्रात याला एक साधं उत्तर आहे, ‘तीनचा नियम’. जितक्या माणसांमध्ये एखादी घटना एकदाही घडली नाही, त्या संख्येने तीनला भागा. घटनेचं खरं प्रमाण तेवढं असण्याची शक्यता अजून शिल्लक असते. १९८३ साली हॅनली आणि लिपमन-हँड या दोघांनी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात डॉक्टरांसाठी हा नियम समजावून सांगितला होता. तीस रुग्णांमध्ये कुणी पडलं नाही, तर पडण्याचं खरं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत असू शकतं. तीनशेंमध्ये कुणी पडलं नाही, तर एक टक्क्यापर्यंत. तीसपेक्षा कमी माणसं असतील तर हा नियमही ढोबळच राहतो. म्हणजे बारा घरांच्या सेवेचं ‘शून्य’ खरं असेलही, पण त्यावर विसंबता येत नाही.

मोठमोठ्या यंत्रणाही हे मान्य करतात. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना घरी जाऊन उपचार देणाऱ्या संस्थांना तारे देते, पण रुग्णांच्या अभिप्रायांवरून तारे मिळण्यासाठी वर्षभरात किमान ४० पूर्ण भरलेले अर्ज लागतात. त्याहून कमी असतील तर तारेच देत नाहीत. सहा अभिप्रायांवरच्या पाच ताऱ्यांची किंमत यावरून तुम्हीच ठरवा.

माणसं थोडी, पण फेऱ्या भरपूर

मग छोट्या सेवेचं मोजमाप करायचंच नाही का? करायचं. फक्त काय मोजायचं ते बदलायचं.

बारा घरं, प्रत्येक घरी दिवसाला दोन फेऱ्या, महिन्याचे तीस दिवस. झाल्या ७२० फेऱ्या. माणसं मोजली तर हाती बाराच येतात, फेऱ्या मोजल्या तर सातशेच्या वर. इथे टक्केवारीला थोडा तरी अर्थ येतो. किती फेऱ्या ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत झाल्या? किती झाल्याच नाहीत? ठरलेल्या वेळेपेक्षा लवकर उरकून किती वेळा निघाल्या? ७२० पैकी ३६ फेऱ्या उशिरा झाल्या तर ते पाच टक्के. पुढच्या महिन्यात ते दहा टक्के झाले, तर सेवेत काहीतरी ढिलं पडतं आहे. एकच केअरटेकर रोज उशिरा येत असेल तर सगळा उशीर तिच्याच खात्यावर असतो, एवढं मात्र लक्षात ठेवायचं.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो याहून साधा आकडा. महिन्याभरात तुमच्या माणसाकडे वेगवेगळे चेहरे किती आले? साठ फेऱ्यांत तीन चेहरे असतील तर त्या तिघींना कुठला हात कमजोर आहे, पाणी किती गरम लागतं, कुठल्या बाजूला वळवलं की कळ येते हे पाठ होतं. साठ फेऱ्यांत अकरा चेहरे असतील तर वृद्ध माणसाला आपलं शरीर महिन्यातून अकरा वेळा नव्याने परक्याला समजावून सांगावं लागतं. यात जी लाज आणि जो थकवा आहे, तो कुठल्याही अर्जात नोंदवला जात नाही.

फेरी किती मिनिटांची, हेही विचारा. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०१५ साली वृद्धांच्या घरच्या काळजीबद्दल सूचना काढल्या. अर्ध्या तासापेक्षा छोटी फेरी कधी चालेल, तर येणारी व्यक्ती ओळखीची असेल, काम नेमकं आणि तेवढ्या वेळात होणारं असेल, आणि ती फेरी मोठ्या आधाराचा एक भाग असेल तरच, असं त्यात म्हटलं आहे. पंधरा मिनिटांत माणसाला अंघोळ घालून, कपडे बदलून, औषध देऊन बाहेर पडणारी व्यक्ती काळजी घेत नसते, ती फक्त काम उरकत असते.

नोंदवही वाचायला शिका

छोट्या सेवेत दर्जाचा सगळ्यात खरा पुरावा हाच, आणि तो बहुतेक कुटुंबं उघडूनही बघत नाहीत.

वाईट नोंदवही ओळखायला सोपी. रोज तेच वाक्य, ‘रुग्ण ठीक. अंघोळ झाली. जेवण झालं.’ तीस दिवस एकच पेन, एकच अक्षर, एकच वेळ. अशी वही बहुधा महिनाअखेरीला एका बैठकीत भरलेली असते. खऱ्या माणसाचे दिवस एकसारखे जात नाहीत. खऱ्या नोंदीत ‘आज अर्धंच खाल्लं, गिळताना ठसका लागला, मुलीला फोन करून कळवलं’ असं काहीतरी असतं. अशा नोंदीत काय दिसलं, काय केलं आणि कुणाला सांगितलं, हे तिन्ही येतं. शेवटच्या आठवड्यातल्या पाच नोंदी काढा आणि त्यांत हे तिन्ही सापडतं का बघा.

औषधांचा तक्ता वेगळा मागा. रिकामा चौकोन दिसला की त्याचा अर्थ विचारा. औषध दिलं पण लिहायचं राहिलं? दिलंच नाही? की रुग्णाने नको म्हटलं? औषध नाकारलं हीसुद्धा नोंदच असते आणि ती का लिहिली हे सांगता आलं पाहिजे. एकही रिकामा चौकोन नाही, एकही नकार नाही, एकही उशीर नाही असा तक्ता सहा महिने सलग दिसला, तर मला तरी तो जास्त काळजीत टाकतो.

दाबामुळे होणाऱ्या जखमांचं, म्हणजे बेडसोअरचं, उदाहरण थोडं सविस्तर घेतो. कारण इथे प्रक्रिया आणि परिणाम यांतलं नातं अगदी स्पष्ट दिसतं. अंथरुणावरच्या माणसाचं वजन माकडहाड, टाचा, खुबे या हाडांच्या टोकांवर येतं. तिथल्या त्वचेचा रक्तपुरवठा दबतो आणि ती आतून मरू लागते. सुरुवातीला फक्त लाली दिसते. निरोगी जागी बोट दाबून सोडलं की ती फिकट होऊन रंग परत येतो. दाबूनही लाली हटत नसेल तर जखमेची पहिली पायरी आली, असं समजायचं. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ही लाली नीट दिसत नाही. तिथे हात लावून ती जागा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम, टणक किंवा दुखरी आहे का ते पाहावं लागतं.

हे केअरटेकरला माहीत आहे का, हे विचारायला तुम्ही डॉक्टर असण्याची गरज नाही. ‘टाचेवर लाली दिसली तर तुम्ही काय कराल?’ एवढा एकच प्रश्न विचारा. ‘तेल लावून चोळीन’ असं उत्तर आलं तर सावध व्हा, कारण चोळल्याने आधीच दुखावलेली त्वचा आणखी बिघडते. ‘दाब काढीन, कूस बदलून देईन, लिहून ठेवीन आणि कळवीन’ असं उत्तर आलं तर प्रशिक्षण झालेलं आहे. मग वहीत कूस बदलल्याच्या वेळा बघा.

दोन सेवांची तुलना करताना

एका सेवेच्या रुग्णांना बेडसोअर झाले, दुसरीच्या एकालाही नाही. दुसरी चांगली? कदाचित दुसरी सेवा हिंडत्या-फिरत्या माणसांनाच घेत असेल आणि अंथरुणावरचे अवघड रुग्ण पहिल्याच सेवेच्या वाट्याला येत असतील.

म्हणून सेवा सुरू होताना माणूस कोणत्या अवस्थेत होता हे लिहिलेलं असलं पाहिजे. त्यासाठी जुनी, पारखलेली साधनं आहेत. १९६५ चा बार्थेल निर्देशांक खाणं, अंघोळ, कपडे, चालणं, जिना चढणं अशा रोजच्या दहा कामांवरून ० ते १०० गुण देतो. १९८७ ची ब्रेडन मोजपट्टी बेडसोअरचा धोका ६ ते २३ गुणांत सांगते, आणि तिथे गुण जितके कमी तितका धोका जास्त. पहिल्या दिवशी हे गुण लिहून ठेवले, दर काही आठवड्यांनी पुन्हा घेतले, की माणसाची तुलना त्याच्याशीच करता येते. छोट्या सेवेला हीच तुलना शोभते.

‘आमच्याकडे चुका होत नाहीत’

असं सांगणाऱ्या सेवेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिथे चुका लिहिल्या जात नाहीत.

हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घटनांची टक्केवारी काढू नये, त्यांच्यामधले दिवस मोजावेत. मागचा रुग्ण पडला त्याला किती दिवस झाले? त्याआधीचा कधी पडला होता? नव्वद दिवस, मग शंभर, मग अचानक वीस, मग बारा. ही रांग पाहिली की काय बदललं हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आकडे काळाच्या ओघात मांडून नेहमीचा चढउतार आणि खरा बिघाड वेगळे ओळखायची पद्धत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली कारखान्यातल्या मालासाठी काढली. ती पुढे रुग्णालयांतही रुजली. छोट्या सेवेला त्यासाठी एक वही पुरते.

प्रत्येक घटनेपुढे आणखी एक ओळ हवी, ‘त्यानंतर आम्ही काय बदललं’. न्हाणीघरात पाय घसरला आणि पुढच्याच दिवशी पकडायला दांडी बसली, फेरीची वेळ बदलली, सगळ्या केअरटेकरना सांगितलं गेलं, असं लिहिलेलं सापडलं तर ती सेवा चूक होऊनही विश्वासाला पात्र आहे.

नेहमीची केअरटेकर आजारी पडली तर?

छोट्या सेवेचं बळ म्हणजे ओळख, आणि तिचं दुबळेपणही तेच. सगळं एकीच्या डोक्यात असतं. ती तापाने आडवी झाली की बदली म्हणून येणारी दारातच विचारते, ‘यांना काय द्यायचं असतं?’

काळजीचा लेखी आराखडा याचसाठी असतो. तो तपासायची सोपी रीत म्हणजे तुमच्या माणसाला कधीही न भेटलेल्या नातेवाइकाला तो वाचायला द्या. उचलताना कुठे धरायचं, काय गिळायला त्रास होतो, कशाने घाबरतात, अडचण आली तर पहिला फोन कुणाला हे त्याला वाचून सांगता आलं, तर आराखडा कामाचा. शेवटचा कधी सुधारला ती तारीखही बघा. रुग्णालयातून परत आल्यानंतरही आराखडा जुनाच असेल तर तो नुसता कागद आहे.

सेवा चालवणारी व्यक्ती स्वतःच ऐनवेळी बदली म्हणून धावत असेल तर तेही ध्यानात घ्या. इंग्लंडमध्ये तपासनीस अनेकदा छोट्या सेवेला ४८ तास आधी कळवून जातात, कारण व्यवस्थापक कुणाच्या तरी घरी काम करत असेल आणि कार्यालयाला कुलूप असेल, अशी शक्यता असते. धावपळीबद्दल मला आदर आहे. पण भरती, प्रशिक्षण, देखरेख आणि तक्रारी हे सगळं एकाच माणसाकडे असेल, तर त्याच्याबद्दलची तक्रार कुणाकडे करायची? सेवेबाहेरचा एक तरी फोन क्रमांक लेखी मागून घ्या. तो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

लहान असणं हा काही दोष नाही. नेदरलँड्समध्ये २००६ साली योस द ब्लोक यांनी सुरू केलेली, घरी जाऊन शुश्रूषा करणारी ब्युर्टझोर्ख ही संस्था जास्तीत जास्त बारा जणांच्या छोट्या तुकड्यांतूनच काम करते आणि तुकडी आपलं वेळापत्रक स्वतः ठरवते. फरक एवढाच, की प्रत्येक तुकडीच्या पाठीशी मार्गदर्शक आणि मध्यवर्ती कार्यालय उभं असतं. एकट्याने चालणाऱ्या सेवेने हा पाठीचा आधार कुठून आणला आहे, ते विचारायचं.

‘माया आहे ना, मग मोजमाप कशाला?’

माया लागतेच. पण मायेने औषधाची मात्रा ठरत नाही. शिवाय काळजी घेणाऱ्यावर अवलंबून असलेलं माणूस सहसा तक्रार करत नाही. उद्या हीच आपल्याला उठवणार आहे, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून ‘तुम्ही खूश आहात ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारा. काल कोण आलं होतं? किती वाजता? अंघोळीच्या वेळी दार लोटून घेतलं होतं का? घाई होती का? आणि हे प्रश्न केअरटेकर खोलीत नसताना विचारा.

‘लिहिण्यात वेळ गेला तर काम कधी करायचं?’

ही तक्रार खरी आहे. दहा पानी अर्ज भरायला लावणारी व्यवस्था केअरटेकरला माणसापासून तोडते. चार ओळी पुरतात, त्या त्याच फेरीत लिहिलेल्या असाव्यात आणि लिहिण्याची मिनिटं फेरीच्या वेळात धरलेली असावीत. त्यांचा मोबदला न देता सविस्तर नोंदी मागणं चुकीचं आहे. केअरटेकरला रजा मिळते का, दोन घरांमधल्या प्रवासाचे पैसे मिळतात का, हे मी दर्जाचेच प्रश्न मानतो. दमलेल्या हातांकडून हळुवारपणाची अपेक्षा करता येत नाही.

‘कॅमेरा लावला की झालं’

कॅमेऱ्यात केअरटेकर आली-गेली ते दिसतं. फोनवरून हजेरी लावणाऱ्या अ‍ॅपमध्येही तेवढंच दिसतं. पाणी जास्त गरम होतं का, आवाजात हेटाळणी होती का, टाच तपासली का, हे बहुतेकदा निसटतं. आणि ज्याचं अंग उघडं पडणार आहे त्याची संमती घेतल्याशिवाय त्याच्या खोलीत कॅमेरा लावणं हा त्याच्या प्रतिष्ठेवरच घाला आहे. मारहाणीचा किंवा चोरीचा ठोस संशय असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी सेवा थांबवून माणूस सुरक्षित करायचा.

ज्यांना बोलून सांगता येत नाही

स्मृतिभ्रंश पुढे गेलेला असेल किंवा पक्षाघाताने वाचा गेली असेल, तर त्या माणसाला विचारायचे वरचे प्रश्न निरुपयोगी ठरतात. इंग्लंडच्या तपासनिसांनी अशा लोकांसाठी ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने निरीक्षणाची एक पद्धत बसवली. न बोलता बाजूला बसायचं आणि माणसाची मनःस्थिती, तो कशात गुंतला आहे आणि त्याच्याशी कोण कसं वागतं, हे ठरावीक अंतराने टिपत जायचं.

घरी हे कुणालाही करता येईल. केअरटेकर यायच्या दहा मिनिटं आधी खोलीत जाऊन बसा. दार वाजतं, ती आत येते. ती आधी तुमच्याशी बोलते की पलंगावरच्या माणसाशी? पांघरूण काढण्याआधी काय करणार आहे ते त्याला सांगते का? आणि तिचा हात खांद्याला लागतो तेव्हा तो खांदा आखडतो की सैल पडतो, ते बघा.